जिन्यातले लाल पंजे

शनिवारी सकाळी दहाच्या आतच जिना भरून जायचा. खालच्या दारापासून पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत माणसं एकमेकांना चिकटून उभी असायची, आणि ज्यांना आत शिरता आलं नाही ती रस्त्यावर टाचा उंचावून डोकवायची. चार मजल्यांची जुनी इमारत. लोखंडी गॅलऱ्या, उंच दारं, छताला चुन्यातली नक्षी. एके काळी अठ्ठावीस बिऱ्हाडं नांदत होती, आता सात उरली होती. इतकी वर्षं तिचं छप्पर गळलं, जिन्याचा कठडा खिळखिळा झाला, तेव्हा शहरातलं चिटपाखरू इकडे फिरकलं नव्हतं. भिंतीतून रक्त येतं म्हटल्यावर मात्र झुंबड उडाली.

भिंतबाबा मधल्या पायरीवर उभे असायचे. परीटघडीचा पांढरा झगा, हातात तांब्याची लोटी आणि हिरव्या पानांची जुडी. ते भिंतीला कान लावत, डोळे मिटत आणि दुसऱ्या हातानं गर्दीला गप्प करत.

"शूऽऽ! वास्तू बोलते आहे. मी कोण? मी कोणी नाही. मी नुसता कान आहे, कान!"

नुसता कान असलेल्या या माणसाचं तोंड नंतर तासभर बंद होत नसे.

"काय म्हणतेस बाळा? दुखतंय? कुठे दुखतंय? बरं, बरं. ऐका हो! ती म्हणते, माझ्या भिंतीला हातोडा लावू नका. मला इथून हलवू नका. जो हलवील त्याच्या घरात... नको, नको बाळा, एवढं रागावू नकोस. लेकुरवाळी माणसं आहेत ती!"

मग बाबा जुडी लोटीत बुडवून भिंतीवर पाणी शिंपडत. पाणी अगदी नितळ. कोरड्या पांढऱ्या भिंतीवर थेंब पडत आणि बघता बघता तिथं लहान मुलाचा पंजा उमटे. लालभडक. वरच्या पायरीशी दुसरा, त्याच्या वर तिसरा, मग चौथा. एखादं मूल भिंतीला धरून जिना चढत गेलं असावं तसे. आणि प्रत्येक पंजाची करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी.

पहिल्या शनिवारी तो पहिला पंजा उमटला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू किंचाळल्या होत्या, "अगं बाई, ही तर गोटी! गोटीचीच करंगळी!"

गर्दीत मागे मिस्त्रीण उभी होती. गोटी तिची मुलगी होती.

मिस्त्रीण म्हणजे चुन्याचं काम करणारी. सिमेंटचं नव्हे, चुन्याचं. हे काम जाणणारी माणसं शहरात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिचा नवरा नक्षीवाला. छताच्या वेली आणि कोपऱ्यातली फुलं काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. दोघं याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायची. तीन वर्षांपूर्वी ती दोघं दुसरीकडे कामावर, परांचीवर चढलेली असताना, पाच वर्षांची गोटी घरी एकटी होती. बघायला कोणी नव्हतं. जिन्याच्या कठड्याचे दोन गज कधीचे निखळलेले. त्या फटीतून पोर खाली पडली. एवढंच घडलं होतं. त्यात कसली करणी नव्हती की कुणाची नजर नव्हती. दोन गज नव्हते.

म्हणूनच, इमारत दुरुस्त करून ती वस्तीच्या उपयोगाला द्यायची असं घाटायला लागलं तेव्हा ही अबोल बाई पहिल्यांदा सभेत उभी राहिली. वर वाचनालय, मध्ये दवाखाना हे आधीच ठरलं होतं. ती म्हणाली, "तळमजल्यावर पाळणाघर करा. कामावर जाणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी. तेवढं करणार असाल तर सगळ्या भिंतींचा चुना मी करते." काम अंगावर घेतलेल्या इंजिनिअरबाईंनी ते तिथल्या तिथे आराखड्यात लिहिलं. अट एकच होती. महिनाअखेरपर्यंत दुरुस्तीच्या कागदावर सातही बिऱ्हाडांच्या सह्या हव्यात. एक जरी कमी पडली तर इमारत धोकादायक ठरवून पाडायला मालक मोकळा. त्याला तिथं मनोरा उभारायचा होता.

सहा सह्या झाल्या. सातवी मिस्त्रिणीच्या घरची. खोली नवऱ्याच्या नावावर, आणि तो रोज म्हणायचा, "बघू. घाई काय आहे?" तेवढ्यात मालकाचा कारभारी कुठूनसा भिंतबाबांना घेऊन आला, आणि दोन शनिवारांत सहापैकी पाच जणांनी सह्या मागे घेतल्या.

"तूच सांग," शिंपीणकाकू तिला म्हणाल्या, "तुझ्याच लेकीच्या अंगावर हातोडा मारायचा का आम्ही? मला तर नाही धजवत बाई."

तिलाही वाटून गेलं होतं. लपवायचं कशाला, दुसऱ्या शनिवारी सगळे निघून गेल्यावर तिनं त्या पंजावर स्वतःचा तळवा टेकवला होता आणि हळूच विचारलं होतं, "गोटे, खरंच तू आहेस का?" भिंत गार लागली. आईच्या मनाला अशा वेळी कोण शहाणपण शिकवणार? पण ज्यांनी ती भिंत बोलती केली त्यांना हे पक्कं माहीत होतं, आणि त्यांनी नेमका तिथंच हात घातला, याचा राग यायला हवा.

लोक तर भिंतीवरचं लाल पाणी कापसानं टिपून बाटल्यांत भरून नेऊ लागले. कुणी तापातल्या मुलाला पाजलं, कुणी म्हाताऱ्या सासूला. पिणाऱ्याला हटकून जुलाब लागायचे. बाबा म्हणायचे, "पीडा बाहेर पडते आहे! पडू द्या!"

गुरुवारी इंजिनिअरबाई मागच्या गॅलरीचे खांब तपासायला आल्या. त्या गॅलरीची दुरुस्ती मधल्या काळात कुणीतरी काँक्रीटनं केली होती. त्यांनी खांबाला एक भोक पाडलं, पिशवीतून चपटी बाटली काढली आणि त्यातलं पाणी आत मारलं. नितळ पाणी. भोकाच्या कडेला काही झालं नाही, पण आतला भाग सर्रकन लाल झाला.

मिस्त्रिणीच्या हातातली थापी गळून पडली.

"बाई, हे काय आहे?"

"हे होय? तपासायचं औषध. काँक्रीटमध्ये चुन्याचा जोर शिल्लक असला की रंग येतो. जोर गेला असेल तर पाणी ते पाणीच राहतं."

"आणि नुसत्या चुन्यावर?"

"ताज्या चुन्यावर झकास रंग येईल. जुन्यावर नाही. जुना चुना कसा होतो हे तुम्हाला मी काय सांगू?"

ते तिला ठाऊक होतं. चुना हवा खातो आणि शांत होतो. वर्षानुवर्षं हवा खाल्लेली जिन्याची भिंत तर कधीच शांत झालेली. तिनं बाटली नाकाशी नेली. स्पिरिटचा उग्र वास. हाच वास दुसऱ्या शनिवारी बाबांच्या जुडीचे थेंब तिच्या साडीवर उडाले तेव्हा आला होता.

"हे कुणी प्यालं तर?"

"पिऊ नये. पूर्वी जुलाबाच्या गोळ्यांत घालायचे हे," बाई म्हणाल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

दोघी जिन्यात गेल्या. जिथं पंजे उमटत तिथं बाटलीतलं पाणी मारलं. खालपासून वरपर्यंत सगळी भिंत पांढरीच्या पांढरी. रक्ताचा पत्ता नाही.

"म्हणजे शनिवारी पहाटे कुणीतरी इथं ताज्या चुन्याची निवळी लावतं," मिस्त्रीण म्हणाली. चुना भिजवून ठेवला की वर जे नितळ पाणी येतं ती निवळी. पांढऱ्या भिंतीवर लावून वाळली की दिसतही नाही. "दिवसभरात हवा खाऊन ती मरते. मग बाबा म्हणायला मोकळे, की बाळ झोपलं."

"पण ताजा चुना आणणार कुठून? बाजारात तर हल्ली..."

भिजवलेल्या चुन्याचा हौद सबंध वस्तीत एकच होता. इमारतीच्या मागच्या अंगणात, पत्र्यानं झाकलेला, मिस्त्रिणीनं स्वतः बांधलेला. त्यातली निवळी गढूळ न करता कशी काढायची हे दोनच माणसांना येत होतं.

ती शिंपीणकाकूंकडे गेली आणि म्हणाली, "काकू, गेल्या शनिवारचा फोटो दाखवा."

काकूंनी फोनवरचा फोटो मोठा करून दिला. तोवर तिनं ते पंजे डोळे भरून पाहिलेच नव्हते. पाहायला गेलं की डोळे भरून यायचे. आता तिनं ते कामाच्या नजरेनं पाहिले. पहिला उजवा, दुसरा डावा, तिसरा उजवा, चौथा डावा. चारही करंगळ्या सारख्याच वाकड्या.

गोटी दोन वर्षांची असताना दाराच्या बिजागरीत तिचं बोट चेंगरलं होतं. उजव्या हाताचं. डावा हात धडधाकट होता.

ती घरी आली. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. पाचव्या वाढदिवसाला नवऱ्यानं लेकीच्या हाताला निळा रंग फासून छापा घेतला होता. उजव्याचा झाला, डाव्याचा घ्यायच्या आत ती खिदळत पळाली. तिनं कागद उजेडात धरला. पंजाच्या कडेनं बारीक बारीक भोकं होती. एका ओळीत, सारख्या अंतरावर, सुईनं पाडलेली. नक्षीवाले चित्र फर्म्यावर, म्हणजे कापायच्या साच्यावर, उतरवताना अशीच भोकं पाडतात. नक्षीत वेलीचं डावं पान वेगळं कापत नाहीत. उजव्याचाच फर्मा उलटा धरतात. वीस वर्षं ती नवऱ्याला तसं करताना बघत आली होती.

नवरा खिडकीत बसून पटाशीला धार लावत होता.

"अहो, गोटीची कुठली करंगळी वाकडी होती?"

"उजवी," तो चटकन म्हणाला.

"मग भिंतीवर दोन्ही कशा?"

पटाशी दगडावर थांबली. तो म्हणाला, "सवय. फर्मा उलटा धरला गेला. लक्षातच नाही आलं."

तिला वाटलं होतं तो नाकबूल जाईल, ओरडेल, निदान रडेल. त्यानं चूक सांगितली ती कामातली.

"का केलंत?"

"कारभारी म्हणाला, मनोऱ्यात दोन खोल्या देतो. स्वतंत्र न्हाणी. नळ घरात." तो मान वर करत नव्हता. "पोर तर गेलीच आहे. तिच्या हातानं आपल्याला निदान घर मिळालं असतं."

"तिच्या हातानं!"

"अगं, ऐक. ते एक झालं. पण मला... तू तिथं पाळणाघर करणार. रोज दुसऱ्यांची पोरं त्याच जिन्यात हसणार, खेळणार. मला नसतं बघवलं. पडूनच जाऊ दे म्हटलं सगळं."

या दोन कारणांतलं खरं कुठलं, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. तिनं कागद घडी घालून पोलक्यात ठेवला.

"परवा शनिवार. परवाही लावणार ना?"

"कारभारी म्हणालाय, शेवटचं."

"लावा. निवळी मी काढून देते. आणि या वेळी फर्माही मीच देणार."

तिसऱ्या शनिवारी गर्दीनं उच्चांक केला. कारभारी दारात उभा राहून लोकांना रांगेत लावत होता, मोठ्या अदबीनं. नक्षीवाला गर्दीच्या कडेला, खांबाला टेकून. बाबांनी भिंतीला कान लावला.

"आज बाळ फार व्याकूळ आहे! काय म्हणतेस? आज शेवटचं सांगतेस? ऐका हो, शेवटचं सांगते आहे!"

जुडी लोटीत बुडाली. पाणी भिंतीवर फेकलं गेलं. लाल रंग उमटू लागला आणि बाबा सवयीनं ओरडले, "हा पाहा तिचा हात..." आणि त्यांची जीभ अडखळली. हात नव्हताच. अक्षरं होती. हातभर उंचीची, ठसठशीत, लाल.

पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मोठ्यानं वाचलं, "क-ठ-ड्या-चे... कठड्याचे गज कुठे आहेत?"

बाबांनी कारभाऱ्याकडे पाहिलं, कारभाऱ्यानं नक्षीवाल्याकडे. आणि मग जे झालं त्याची कल्पना मिस्त्रिणीनंही केली नव्हती.

"गोटीनं लिहिलं!" कुणीतरी गदगदून ओरडलं. "लेकरानं लिहून दाखवलं!" चारदोन बायका हुंदके देऊ लागल्या. मागून लोक ढकलाढकली करून पुढे येऊ लागले, कापूस काढू लागले. बाबाही सावरले. लबाड माणूस पडला तरी पायावर पडतो. "पाहिलंत? पाहिलंत? आज वाचा फुटली! भिंतीला वाचा..."

"गोटीला लिहिता येत नव्हतं!"

मिस्त्रीण पायऱ्या चढून वर आली होती. तिचा आवाज इतका मोठा असेल असं कुणालाच माहीत नव्हतं.

"पाच वर्षांची होती ती. तिला स्वतःचं नावसुद्धा येत नव्हतं. हे मी लिहिलंय. आज पहाटे, चुन्याच्या निवळीनं."

"माता दुःखानं भ्रमिष्ट झाली आहे," बाबा करुण आवाजात म्हणाले. "तिला सांभाळा कुणीतरी."

हातातल्या निवळीच्या बादलीत तिनं उजवा हात मनगटापर्यंत बुडवला, झटकला आणि कोऱ्या भिंतीवर दाबला. मग म्हणाली, "काकू, तुम्ही या पुढे. बाबांच्या लोटीतलं पाणी घ्या. माझं नको, त्यांचंच. आणि मारा इथं."

शिंपीणकाकूंनी बाबांच्या हातून लोटी जवळजवळ ओढूनच घेतली. पाणी मारलं. भिंतीवर मोठा, घट्टे पडलेला, बाईमाणसाचा पंजा लालभडक उमटला.

"हा माझा हात. मी तर मेलेली नाही ना? आता तिकडच्या भिंतीवर मारा, जिथं कुणी काही लावलेलं नाही."

मारलं. भिंत ओली झाली, बस.

इंजिनिअरबाईंनी पुढे येऊन आपली बाटली दाखवली, औषध काय, रंग का येतो, सगळं चार वाक्यांत सांगितलं. जुलाबांचंही सांगितलं. ते ऐकून ज्यांनी पाणी घरी नेलं होतं त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. बाबा तोवर गर्दीतून वाट काढत निघाले होते. झग्याचा सोगा दाराच्या खिळ्याला अडकून टरकन फाटला तरी मागे वळून पाहिलं नाही त्यांनी. कारभारी तर आधीच पसार झाला होता.

"पण मग ते पंजे?" काकूंनी विचारलं. "ती वाकडी करंगळी? बाबाला काय माहीत गोटीची करंगळी?"

मिस्त्रिणीनं पोलक्यातून कागद काढला आणि उलगडून उजेडात धरला. भोकाभोकांतून उन्हाचे ठिपके पायरीवर पडले.

"तिच्या बापाला माहीत होती," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. नक्षीवाल्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला त्याची कीव आली नाही. यावी असं तिला वाटत होतं, पण आली नाही.

"आता माझं ऐका," ती म्हणाली. "माझी पोर या भिंतीत नाही. ती कुठेच नाही. ती या कठड्याच्या फटीतून पडली. ती पडायच्या आधी दोन वर्षं मी घरोघर जाऊन सांगत होते, गज बसवायला चार माणसं या. एकही आलं नाही. ती गेल्यावरही आलं नाही. आज तीन वर्षं झाली, मागे वळून बघा, फट तशीच आहे. तुमचीच पोरं तिला खेटून उभी आहेत. तीन शनिवार इथं उभं राहून तुम्ही भिंत बघितलीत. कठडा कुणी बघितला?"

शिंपीणकाकूंनी झटकन आपल्या नातवाचा दंड धरून त्याला आत ओढलं.

सह्या झाल्या. सातवीही झाली; नक्षीवाल्यानं कागद न वाचताच सही केली आणि म्हणाला, "आता मी काय करू?"

"गज बसवा," ती म्हणाली. "चार बोटांच्या अंतरावर. एकेक मोजून."

त्यानं बसवले. ती एकेका फटीतून मूठ घालून तपासत गेली, आणि दोन फटी त्याला उकलून पुन्हा करायला लावल्या. एका छपराखाली दोघं राहिली, पण कामापुरतं बोलण्यापलीकडे त्यांच्यात काही उरलं नाही. पाळणाघर सुरू झालं. पहिल्याच दिवशी एका लहानग्यानं गजांमधून डोकं घालून पाहिलं; गेलं नाही, तेव्हा भोकाड पसरलं. मिस्त्रीण तिथंच भिंतीला चुन्याचा हात देत होती. तिनं ते रडणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग पुन्हा काम सुरू केलं.

त्या भिंतीवर तिनं स्वतः तीन हात दिलेत. तरी अजून कुणीतरी येता-जाता तिथं फूल ठेवून जातं. ती ते रोज सकाळी उचलते. भिंतबाबा सध्या दुसऱ्या कुठल्या तरी शहरात आहेत, असं ऐकिवात आहे. तिथं एक विहीर बोलते म्हणे. तुमच्याकडे एखादी भिंत रडायला लागली तर हात जोडण्याआधी तिला बोट लावून बघा, वास घ्या, काल इथं कोण येऊन गेलं ते विचारा, आणि ती रडल्यानं कुणाचं भलं होतंय तेही विचारा. आणि तिथं जमलेल्या गर्दीत उभे असाल तर एकदा मागे वळून कठडा बघा.